कोयत्याऐवजी पाना

१९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत अट होती: स्त्रियांनी अर्ज करू नये. सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडून जाब विचारला आणि त्या तिथे इंजिनियर झाल्या. त्याच कंपनीच्या, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सच्या, पुण्यातल्या कारखान्यात आज बायका हॅरियर, सफारी जोडतात. मला याचा अभिमान वाटतो.

पण आमच्या पाथर्डीच्या मुली अजून आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांच्या हाती कोयत्याऐवजी पाना यायचा, तर नुसते सत्कार पुरणार नाहीत. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक वर्गात मुलींना जागा, शहरात वसतिगृह, कारखान्यात पाळणाघर आणि कंत्राटी नव्हे, कायम नोकरी हवी. मैत्रिणींनो, तेव्हा पोस्टकार्ड एकीने लिहिले. आता आपण सगळ्याजणी लिहू या.