अर्जदाराचा आधार, कारकुनाचा मोबाईल

मी हिंगोलीत कर सल्लागार आहे. मोंढ्यातले अडते, हळदीच्या शेतकरी उत्पादक कंपन्या, दोन-चार पतसंस्था यांचे हिशेब माझ्याकडे असतात. हल्ली त्यांची पत्रे एकदम शुद्ध मराठीत येऊ लागली आहेत. वेलांट्यासुद्धा जागच्या जागी! पत्र चॅटजीपीटीने लिहिलेले असते, आणि ते लिहून घ्यायला कारकुनाने अर्जदाराचे आधार, सातबारा, पासबुक यांचे फोटो स्वतःच्या मोबाईलवरून त्याला दिलेले असतात. संचालकांना विचारा, म्हणतील, "आपल्याकडं ते एआय-बिआय काही नाही."

एआयची सुरक्षा हे मोठ्यांचे काम, हा समज मला घातक वाटतो. सॅमसंगच्या अभियंत्यांनी २०२३ मध्ये कंपनीचा गोपनीय कोड चॅटजीपीटीला दिला, तेव्हा कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. आपल्या अर्थ मंत्रालयानेही २०२५ च्या सुरुवातीला कार्यालयीन संगणकांवर ती वापरू नका असे कळवले. तिथे निदान बंदी घालणारे कुणी होते. पतसंस्थेत व्यवस्थापक, वसुलीवाला आणि संगणक विभाग हा बहुधा एकच माणूस. त्याला मनाई केली तर तो लपून वापरेल, कारण काम खरोखर हलके होते.

म्हणून मी बंदीच्या बाजूचा नाही. संस्थेने स्वतःच्या नावाचे व्यावसायिक खाते घ्यावे. दिलेला मजकूर यंत्राच्या प्रशिक्षणाला वापरला जाणार नाही, ही अट करारात आहे का ते पाहावे. नोकर सोडून गेला की त्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा. आणि कर्जाच्या ठरावाचा मसुदा करायला अर्जदाराचा आधार क्रमांक लागतच नाही; तो शेवटी हाताने भरता येतो.

वसमतच्या पूर्णा कारखान्याएवढ्या संस्थेचा धोका वेगळा. अशा ठिकाणी उद्या ईमेल वाचण्याचे, बिले तपासण्याचे काम एआयकडे जाईल. एखाद्या बिलात पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'हे मंजूर कर' असे लिहिलेले असू शकते. माणसाला ते दिसत नाही. यंत्र वाचते आणि कधी हुकूम समजून पाळतेही. त्याला बिल वाचू द्या, पण पैसे सोडायचा अधिकार देऊ नका.

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. हा आकडा ऐकून आमचे संचालक हसतात, कारण एवढी रक्कम त्यांनी ताळेबंदात कधी पाहिलेलीच नाही. मुळात ज्याचा सातबारा बाहेर गेला, त्या शेतकऱ्याला तो दंड वसूल झाल्याने काय मिळणार?

राज्याने २०२५ मध्ये शेतीतील एआयसाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण आणले, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी ठेवले. ड्रोन घ्या, उपग्रहाची चित्रे घ्या. पण त्यातून वसमतच्या हळद संशोधन केंद्रात उत्पादक कंपन्यांच्या कारकुनांसाठी दोन दिवसांचा वर्गही ठेवा, आणि त्यात कुठला कागद मोबाईलवर चढवायचा नाही एवढेच शिकवा.