राजीनामा दिला की झाला?

'राजीनामा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते जवळजवळ उलटे आहेत. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडल्याचे पत्र. हिंदीच्या कोर्टकचेरीत राजीनामा म्हणजे वादी-प्रतिवादींमध्ये झालेली तडजोड. एका राजीनाम्याने संबंध संपतो, दुसऱ्याने तुटलेला संबंध पुन्हा जुळतो. पुण्या-मुंबईकडच्या माणसाची या दुसऱ्या अर्थाशी सहसा गाठ पडत नाही. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर भागात, तिगावसारख्या गावात घरची बोली मराठी आणि तहसील, ठाणे, न्यायालय यांचे कागद हिंदी. तिथे "त्यानं राजीनामा देल्ला" आणि "धुऱ्याच्या (म्हणजे बांधाच्या) केसमंदी राजीनामा झाला" ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या तोंडी येऊ शकतात.

अर्थ ओळखण्याची खूण क्रियापदात आहे. मराठी राजीनामा 'दिला' जातो. देणारा एकटा असतो, फार तर समोरचा तो स्वीकारतो. हिंदी राजीनामा 'होतो' किंवा 'केला' जातो, आणि त्याला दोन बाजू लागतातच. पद सोडण्यासाठी हिंदीत 'इस्तीफा' हा वेगळा शब्द आहे. गुजराती, कन्नड, तेलुगू आणि नेपाळी या भाषा मात्र मराठीच्या बाजूच्या: तिथेही राजीनामा म्हणजे पद सोडणेच.

शब्द फारसी घडणीचा. 'नामा' म्हणजे लेख, जसा करारनामा, जाहीरनामा, पंचनामा. आणि 'राजी' अरबीतून आलेला, म्हणजे संतुष्ट, कबूल. अर्थ एवढाच, की लिहून देणारा राजी आहे. कशाला राजी, हे शब्द सांगत नाही, आणि सगळा घोटाळा याच रिकाम्या जागेतून निघाला. फिर्यादी भांडण मिटवायला राजी असेल तर तो समझोता. जुन्या मुंबई इलाख्यात शेतकरी जमिनीवरचा हक्क सोडायला राजी असे, तेव्हाही तो राजीनामाच लिहून देई आणि ती जमीन घेणारा कबुलायत लिहून देई. राजीनाम्याचा अर्थ हक्क सोडण्यापर्यंत आला, की पद सोडण्याचा अर्थ फार लांब राहत नाही. याच अरबी धातूतून 'रजा' आली: मूळ अर्थ संमती, मराठीत कामावर न येण्याची परवानगी आणि पुढे सुट्टी. 'नाराज'ही त्याच घरातला.

इंग्रजी 'रिझाईन'ची गत अशीच आहे. त्याचा एक अर्थ पद सोडणे, तर दुसरा, जे वाट्याला आले ते मुकाट्याने मान्य करणे, म्हणजे राजी होणे. खेळाच्या बातम्यांत तिसरी गोष्ट घडते. खेळाडूने क्लबशी नव्याने करार केला की ते 'री-साइन'. मधली आडवी रेघ गळली की संघात राहिलेला खेळाडू कागदावर संघ सोडून गेलेला दिसतो.

मराठी माणसाच्या आठवणीतला एक मोठा राजीनामा १९५६ चा. मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. ते सनदी अधिकारी म्हणून मध्यप्रांत-वऱ्हाडातच घडलेले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा, सौंसर, तिगाव तेव्हा त्याच जिल्ह्यातले. पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तो २०२३ मध्ये. सरकारी कागदावरचा राजीनामा इथे हिंदीच्या अर्थाने चालतो, तो या इतिहासामुळे.

हा अर्थभेद केवळ शब्दकोशापुरता नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार लोकअदालतीत झालेल्या समझोत्याचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील करता येत नाही. बांधाचा वाद असो की वाटणीचा, समोर आलेल्या कागदावर 'राजीनामा' लिहिले असेल, तर आपण नेमके कशाला राजी होत आहोत, काय सोडतो आहोत आणि काय मिळते आहे, हे वकिलाकडून आपल्या बोलीत ऐकल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नये.