मी कुठे बसणार?

प्रत्येक ऑफिसात आता एक तरी सायकलवाला असतोच. खुर्चीमागे लटकलेलं हेल्मेट, बाटलीवर कुठल्या तरी राइडचा स्टिकर आणि सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी अगदी सहज फेकलेलं वाक्य, 'काल शंभर मारले.' त्यात हल्ली नवा फंडा आलाय. नुसते किलोमीटर मारायचे नाहीत, कुणासाठी तरी मारायचे. मग मोबाइलवर लिंक येते, आपण पाचशे रुपये पाठवतो, पलीकडून हात जोडलेला इमोजी येतो. सगळे खूष.

मीही खूषच होते. मग हे प्रकरण आमच्या घरात आलं.

घर म्हणजे माझं आजोळ, नागापूर. नगरच्या एमआयडीसीला अगदी लागून. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या मामीच्या तोंडात अजून नगरच बसलंय.) मामा कारखान्यात शिफ्ट करतो. त्याचा मोठा मुलगा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून मला तो दादा. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूच्या ज्या भागातून स्नायूंना हुकूम सुटतात, तिथेच जन्माच्या वेळी इजा झाली. त्यामुळे हातपाय ताठ होतात, व्हीलचेअर लागते, एक वाक्य बोलायला वेळ जातो. डोकं मात्र आमच्या सगळ्या खानदानात शार्प. तरीही घरी पाहुणे आले की दादासमोर बसून मामीला विचारतात, 'याला चहा चालतो का हो?'

तर आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्लॅन शिजला. नागापूर ते शिर्डी, साधारण ८० किलोमीटर. विळद घाट, राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी. दादासाठी राइड! टी-शर्टवर दादाचा फोटो, बॅनरवर दादाचा फोटो, जमलेले पैसे एखाद्या संस्थेला. टी-शर्टचा रंग पिवळा की निळा यावर शंभरेक मेसेज पडले. नगरकरांना सायकलवरून चांगलं काम करणं नवीन नाही. इथल्याच 'स्नेहालय'ने २०२१ मध्ये नगरहून थेट बांगलादेशातल्या नोआखालीपर्यंत सद्भावना सायकलयात्रा काढली होती. त्यापुढे शिर्डी म्हणजे किस झाड की पत्ती, असा एकूण माहोल.

शेवटी दादाचा एक मेसेज आला. तो एका बोटाने टाइप करतो, त्यामुळे लांबण लावत नाही.

'मी कुठे बसणार?'

उत्तर लगेच आलं. 'अरे दादा, तू मागे गाडीत, मस्त एसीत! बॅनर तुझ्याच गाडीला लावू.'

त्यानंतर दादा ग्रुपवर दोन दिवस काहीच बोलला नाही. आणि मी मात्र गुगल करत बसले, की असं काही कुणी केलंय का? केलंय. आणि आमच्या प्लॅनमध्ये नेमकं काय चुकत होतं, ते तिथेच कळलं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात डिक आणि रिक हॉइट नावाचे बापलेक होते. रिकचा जन्म १९६२ चा. जन्मताना नाळ गळ्याभोवती आवळली, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला आणि सेरेब्रल पाल्सी झाली. डॉक्टरांनी सल्ला दिला, याला संस्थेत ठेवा. आईवडिलांनी घरी नेलं. साध्या शाळेत त्याला प्रवेश मिळायला १९७५ साल उजाडलं, आणि त्यासाठी त्याची आई जूडी वर्षानुवर्षं भांडली. त्याआधी इंजिनिअर मंडळींनी त्याच्यासाठी एक कॉम्प्युटर बनवला होता, डोक्याच्या हालचालीने एकेक अक्षर निवडायचा. घरच्यांना वाटलं, पहिला शब्द 'मॉम' येईल की 'डॅड'? पठ्ठ्याने आपल्या लाडक्या आइस हॉकी टीमचा जयजयकार टाइप केला!

आता मुद्द्याची गोष्ट. १९७७ मध्ये त्यांच्या भागातल्या एका खेळाडूला अपघातात पक्षाघात झाला. त्याच्या मदतीसाठी ५ मैलांची, म्हणजे ८ किलोमीटरची शर्यत ठेवली होती. त्यात भाग घ्यायचा, हे डिकला सुचलं नव्हतं, ते रिकला सुचलं. त्याने वडिलांना सांगितलं, मला धावायचंय, तुम्ही ढकला. डिक तेव्हा काही धावपटू नव्हता. व्हीलचेअर ढकलत दोघं शेवटून दुसरे आले. घरी आल्यावर रिकने टाइप केलं की धावताना आपण अपंग आहोत असं वाटतच नाही. झालं! पुढची जवळपास चाळीस वर्षं बाप ढकलत राहिला. दोघांनी मिळून हजारावर स्पर्धा केल्या. पुढे कुणीतरी डिकला ट्रायथलॉन करायला सुचवलं. एकट्याने नाही, रिक असेल तरच, म्हणून तो अडून बसला. मग पोहताना रबरी बोट दोरीने कमरेला बांधून ओढायची आणि सायकलला पुढे खास सीट लावून त्यात रिकला बसवायचं, अशी युक्ती निघाली. १९९२ मध्ये तर दोघं सायकल चालवत आणि धावत अख्खी अमेरिका पार करून गेले. ३,७३५ मैल, म्हणजे सुमारे ६,००० किलोमीटर, ४५ दिवसांत. रिक पुढच्या सीटवर होता. मागच्या गाडीत नाही.

डिक २०२१ मध्ये गेला, रिक २०२३ मध्ये. त्यांचे व्हिडिओ पाहून आपण सगळे 'काय बाप आहे!' म्हणतो. खराच आहे. पण त्या गोष्टीतला पहिला शब्द मुलाचा होता, हे आपण विसरतो.

मग काय, गाडीत बसणं वाईट? तसंही नाही. त्याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' सायकलयात्रा घेऊन निघाले. बरोबर शंभरावर तरुण-तरुणी, पाच हजार किलोमीटरचा रस्ता. बाबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले आणि पाठीचा मणका इतका खराब, की ते एक तर उभे राहू शकत किंवा आडवे. बसणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे मुलं सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे पडून. १९८८ मध्ये पुन्हा तेच, या वेळी अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातेतल्या ओख्यापर्यंत. बाबांनी पेडल मारलं नाही, पण ती यात्रा कुणाची होती हे कुणाला विचारावं लागलं नाही. का निघायचं, कुठून जायचं, लोकांना काय सांगायचं, हे त्या आडव्या माणसाने ठरवलं होतं.

म्हणजे सीट सायकलवर आहे की गाडीत, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ठरवतंय कोण?

तिसऱ्या दिवशी मी नागापूरला गेले. दादाला म्हटलं, 'तुला काय हवंय ते सांग, मी लिहून घेते.' मामी सवयीने मध्ये बोलायला लागली, तर दादाने हात वर केला. 'आई, मी.' मग अर्धा तास लागला, पण त्याने पॉइंटवाइज सांगितलं.

एक, शिर्डी कॅन्सल. ८० किलोमीटर त्याच्या पाठीला झेपणार नाहीत. पहिल्या वेळी राहुरीच्या अलीकडे जमेल तिथपर्यंत. दोन, तो सायकलवर पुढे बसणार आणि घंटी त्याच्या हातात. तीन, फोटो त्याने पाहिल्याशिवाय कुठेही टाकायचा नाही आणि टी-शर्टवर तर नाहीच. ('मी काय निवडणुकीला उभा आहे?') चार, पैसे त्याच्यासाठी नाहीत. थेरपीला येणाऱ्या लहान मुलांच्या रिक्षाभाड्यासाठी.

हे चौथं ऐकून मामा गप्प झाला. दादाची फिजिओथेरपी एका काळात दोन वर्षं बंद पडली होती. थेरपीची फी फारशी नव्हती, पण मामाच्या शिफ्ट बदलत्या आणि आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन रिक्षा परवडत नव्हती. त्या दोन वर्षांत गुडघे जे आखडले, ते परत पूर्ण सरळ झाले नाहीत. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात 'रिक्षा' हे कॉज आलं नसतं. बॅनरवर ते दिसायलाही काही खास दिसत नाही. पण ज्याच्या गुडघ्यांनी किंमत मोजली त्याला ते माहीत होतं.

आता तयारी सुरू आहे आणि मी बरंच शिकतेय. तुमच्याही घरात, सोसायटीत असा बेत असेल, तर ऐकून ठेवा. पेडल मारणारा घामाघूम होतो, पण पुढे नुसता बसलेला माणूस थंडीत गारठतो आणि गारठला की ताठलेले स्नायू आणखी ताठतात. म्हणून त्याला एक थर जास्त. एकाच जागी बसून कातडीला जखमा होऊ शकतात, म्हणून जाड गादी हवी आणि अर्ध्या-पाऊण तासाने थांबून बसण्याची पद्धत बदलायची. छातीला पट्टा, मानेला आधार, पाय घसरू नयेत म्हणून पायपट्टी. वाटेत व्हीलचेअर आत जाईल असं टॉयलेट कुठे आहे, ते आधी जाऊन बघायचं. (हे बघताना डोकं फिरतं. करून पाहा.) मामाच्या ओळखीच्या वेल्डरने पुढे दोन चाकं आणि मध्ये सीट असा सांगाडा केलाय. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीत ट्रक कमी असतात, तेव्हा ट्रायल घेतो. घंटी सतत वाजते. सतत.

ज्यांना दिसत नाही, पण पेडल मारता येतं, त्यांच्यासाठी टँडेम असते, म्हणजे दोघांनी चालवायची सायकल. पुढचा डोळस, मागचा अंध, आणि पुढच्याने खड्डा, वळण, ब्रेक सगळं आधी सांगायचं. पुण्याच्या दिव्यांशू गणात्रांची दृष्टी १९ व्या वर्षी काचबिंदूने गेली. त्यांच्या 'अ‍ॅडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स फाउंडेशन'ने २०१६ मध्ये मनाली ते खारदुंगला अशी टँडेम मोहीम काढली, तीही अंध आणि डोळस रायडर्सच्या जोड्या करून. मागच्या सीटवरचा माणूस तिथे पाहुणा नसतो. त्याने पाय थांबवले, तर घाटात पुढच्याचे वांधे!

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. आपल्या ऑफिसात, जिममध्ये, रविवारच्या राइडला त्यातले किती दिसतात? कायदा २०१६ मध्ये नवा आला आणि अपंगत्वाचे ७ प्रकार होते ते २१ झाले. पण घरातल्या ग्रुपवर कुठला कायदा लागू होणार? तिथे आपल्यालाच विचारावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी लिंक आली, की पाचशे जरूर पाठवा. टी-शर्ट, बॅनर आणि डिझेल वजा जाता नेमके किती पुढे पोचणार, हेही विचारा, रागावू द्या. आणि आणखी एक विचारा. ज्याच्या नावाने राइड आहे, त्याने यातलं काय काय ठरवलंय? उत्तर 'अरे, त्याला कुठे काय कळतं' असं आलं, तर पैसे थांबवा आणि त्या माणसाला फोन करा. बोलायला वेळ लागेल. लागू द्या.

आमची राइड जानेवारीत आहे. टी-शर्टचा रंग अजून ठरलेला नाही. दादा म्हणतो, निळा.