मावशींचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आहे!

आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशी गडचिरोलीकडच्या. एका संध्याकाळी त्यांनी लॅबचा रिपोर्ट माझ्या हातात दिला. “पोरी, तू कानव्हेंटची हायस, इंग्रजी वाचून सांग. डाक्टर म्हनते नार्मल हाये. मंग पायावर सूज काहून येते?”

क्रिएटिनिन १.२. छापलेल्या मर्यादेच्या आत. मीही म्हणाले, “नॉर्मल आहे मावशी.” रूमवर जाऊन थोडं वाचलं, तेव्हा आपण काय बोलून बसलो ते कळलं.

क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते. अंगावर मांसच कमी असेल तर हा आकडा मुळातच कमी दिसतो. म्हणून वय, वजन धरून किडनीची गाळण्याची क्षमता काढावी लागते. १९७६ चं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र सोपं आहे. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ‘७२ गुणिले क्रिएटिनिन’ने भागा. बाई असेल तर पुन्हा ०.८५ ने गुणा. मावशी ५५ वर्षांच्या, वजन ४० किलो. उत्तर आलं मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर. हाच १.२ आकडा आमच्या वर्गातल्या २० वर्षांच्या, ६० किलोच्या मुलाचा असता तर उत्तर ८३! २०२१ च्या नव्या सूत्राने मावशींचं उत्तर ५३ येतं. म्हणजे कुठल्याही सूत्राने ६० च्या खालीच. आणि तीन महिने ६० च्या खाली राहिलं की त्याला किडनीचा जुना आजार म्हणतात.

आता ते ०.८५ कुठून आलं? मूळ अभ्यासात २४९ रुग्ण होते, जवळजवळ सगळे पुरुष. बायकांसाठीचा आकडा त्यांना मोजून काढलेला नव्हता, अंदाजाने सुचवलेला होता. आपण जर्नलमध्ये असं रीडिंग लिहिलं तर सर सही करतील का?

तुम्ही म्हणाल, किडनी बिघडली तर डायलिसिस आहेच. पण किडनीचे बरेच रुग्ण डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत, त्याआधीच हृदय दगा देतं. मित्रांनो, हे आपल्याला तरी कळायला हवं, कारण हा सरळ पंप आणि फिल्टरचा प्रश्न आहे. फिल्टर तुंबला की मीठ-पाणी अंगात साठतं, प्रेशर वाढतं, पंपाची भिंत जाड होते. फॉस्फरस वाढून रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचतं आणि पाइप कडक होतात. रक्त कमी होतं, म्हणून पंपाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. गरोदरपणात बीपी वाढलं असेल तर पुढे किडनी आणि हृदय दोन्हींना धोका वाढतो. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाबद्दल विचारतो कोण? दम लागला, थकवा आला की “वय झालं” म्हणून मोकळे!

आपल्या जिल्ह्यांत असा अभ्यास होऊ शकत नाही, हे मला पटत नाही. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के! तो निबंध १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि जग आपल्या गावांकडे बघायला लागलं. २०१५ मध्ये ‘सर्च’च्याच अभ्यासाने दाखवलं की गडचिरोलीच्या ८६ गावांत मृत्यूचं पहिलं कारण लकवा आहे. १५९९ मृत्यूंपैकी २२९. लकवा म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीचाच आजार, आणि त्याचं मोठं कारण वाढलेलं बीपी. त्याच बीपीने किडनीही जाते. मग या बायकांच्या किडनी आणि हृदयाचा एकत्र, दहा-दहा वर्षं पाठपुरावा का होऊ नये?

कोणी म्हणेल, आधी डॉक्टर द्या, संशोधन नंतर. बरोबर वाटतं, पण इथला अनुभव उलटा आहे. ‘सर्च’ने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेऊन दाखवली, १९९९ मध्ये ते छापलं, आणि २०११ पासून देशभरच्या ‘आशा’ तेच काम करताहेत. आधी मोजलं, म्हणून मिळालं.

आपण काय करू शकतो? एनएसएसच्या कॅम्पला जाताना बीपीचं मशीन आणि लघवीतलं प्रोटीन बघायच्या पट्ट्या न्यायच्या, तपासायला बरोबर नर्स घ्यायची. आणि लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनखाली गाळण्याची क्षमताही छापून यावी, म्हणून चार लॅबवाल्यांकडे जायचं. तो प्रोग्राम फर्स्ट इयरचा कोणीही एका तासात लिहील.

मावशींना आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. बीपी निघालं १७० वर १००. गुडघ्यासाठी रोज घेत होत्या ती दुखण्याची गोळी बंद झाली, बीपीची सुरू झाली. परवा पोळी वाढताना म्हणाल्या, “गावात माझ्यासारख्या लय बाया हायेत वो. त्यायचे कागदं कोन वाचन?”

याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल, तर मेसमध्ये भेटा.