रांजणवाडी पुन्हा तिथेच उठली तर?
पापणीवर गाठ आली की ती रांजणवाडी समजून शेक दिला जातो. बहुतेकदा तेवढे पुरतेही. पण न दुखणारी गाठ त्याच जागी पुन्हा आली, तिथले केस गळू लागले, तर पापणीतल्या तेलग्रंथींच्या कर्करोगाची शंका घ्यायला हवी. पाश्चात्त्य देशांत हा कर्करोग दुर्मीळ. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत मात्र पापणीच्या कर्करोगाच्या ५००हून अधिक रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त जणांना हाच आढळला. वरच्या पापणीत या ग्रंथी अधिक, म्हणून तो तिथे जास्त. एकाच डोळ्याची हटत नसलेली लालीही त्याचेच सोंग असू शकते. वारंवार येणारी गाठ काढल्यावर तिचा तुकडा तपासायलाच हवा. रोग खोबणीत पसरल्यास डोळाच काढावा लागतो.