कूस बदलणे हेही औषधच

पेण-रोह्याच्या वस्त्यांत लकवा मारलेला किंवा खुब्याचे हाड मोडलेला रुग्ण रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा सोबत गोळ्यांची पिशवी असते. गोळ्या आपण वेळेवर देतो. पण त्याला किती वेळाने कुशीवर वळवायचे आणि काय भरवायचे, हे बहुतेक घरांत कोणी विचारत नाही. आमचे मत स्पष्ट आहे : या दोन गोष्टी गोळ्यांइतक्याच महत्त्वाच्या आहेत आणि त्या एकट्या सुनेवर टाकणे चूक आहे.

भार एकाच जागी राहिला की तिथले रक्त अडते आणि कातडी मरू लागते. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्यामागची हाडे रोज पाहा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून पाहा. जागा गरम, कडक किंवा आजूबाजूपेक्षा काळपट वाटली तर तो पहिला इशारा. ती चोळू नका, त्यावर भार देऊ नका. साधारण दर २ तासांनी डावी कूस, पाठ, उजवी कूस असे वळवा. वळवताना ओढू नका, दोघांनी चादरीसकट उचला. पोटरीखाली उशी ठेवा, म्हणजे टाच टेकत नाही. प्लास्टिक थेट अंगाखाली नको. हवेची गादी आणली तरी कूस बदलावीच लागते. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर मालिश न करता दवाखाना गाठा.

आता ताटाकडे पाहू. ‘आजारी आहे, हलके द्या’ म्हणून आपण नुसती पेज पाजतो. पेजेने पोट भरते, पण जखम भरायला प्रथिने लागतात. अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅमच असतात. म्हणून पेजेत मूगडाळ शिजवा. कुळथाची पिठी, दुधातली नाचणी, मऊ अंडे, काटे काढलेला मासा द्या. एकदम जात नसेल तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाब असेल तर खारवलेली सुकी मासळी टाळा.

भरवताना रुग्णाला बसवा, हनुवटी किंचित खाली, चमचा छोटा. नंतर अर्धा तास बसते ठेवा. आडवे पाजलेले अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ठसका लागला किंवा आवाज घरघरू लागला तर लगेच थांबा.

विनयपिटकाच्या महावग्गात तथागतांनी अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदांच्या मदतीने स्वतः धुतल्याची कथा आहे. रुग्णाला काय मानवते हे कळणे आणि मलमूत्र काढताना किळस न वाटणे, हे शुश्रूषा करणाऱ्याचे गुण तिथेच सांगितले आहेत. हे काम खुद्द तथागतांनी केले, तर घरातल्या मुलाने का करू नये? सून सकाळी कामाला गेली की रुग्ण संध्याकाळपर्यंत एकाच कुशीवर पडून राहतो, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून प्रत्येक विहाराने रविवारच्या वंदनेनंतर वस्तीतल्या रुग्णांसाठी पाळ्या लावाव्यात. एकाने सकाळी, एकाने दुपारी जाऊन कूस बदलावी. भेटीला जाताना बिस्किटांऐवजी अंडी न्यावीत. मंडळाने वर्गणीतून हवेची एक गादी घेऊन ती गरजूंना फिरती द्यावी. रुग्णालयातून निघण्यापूर्वी नर्सताईंकडून वळवणे आणि भरवणे प्रत्यक्ष शिकून घ्यावे. घरी आल्यावर आशाताईंना कळवावे, आरोग्य उपकेंद्रातून घरी भेट मागावी. वृद्धांची आणि अंथरुणावरच्या रुग्णांची काळजी हे आता उपकेंद्राच्या कामात येते. ते मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे, तो आपला हक्क आहे.

जय भीम.