पाठ दुसऱ्याची, पुण्य आपले

घरात वडील अंथरुणाला खिळले की आपण रुग्णाची देखभाल करणाऱ्या बाया पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई दारात उभी राहते. आपण तिचे आडनाव विचारतो, आधार कार्डाचा फोटो काढून घेतो, दागिने कपाटात घालून किल्ली लपवतो. स्वतःच्या सुरक्षिततेची एवढी तजवीज केल्यावर तिच्या सुरक्षिततेचा विचार तुमच्या-माझ्या मनाला शिवतही नाही. पुढचे बारा तास ती सत्तर किलोचा देह एकटीने हलवते. काखेत हात घालून वर ओढायचे, कुशीवर वळवायचे, कमोडवर बसवायचे, पुन्हा पलंगावर घ्यायचे. पलंग ठेंगणा, त्यामुळे दरवेळी कंबरेतून वाकायचे. रुग्णाखाली आडवी चादर घालावी आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून त्याला सरकवावे, हा परिचर्येतला अगदी प्राथमिक धडा. दुसरा माणूस घरात असतोही. शेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेला असतो. पण पैसे मोजल्यावर हात कशाला लावायचा? मग एके दिवशी तिची कंबर धरते, ब्यूरो दुसरी बाई पाठवतो आणि आपण म्हणतो, ‘बाई चांगली होती हो, पण तिचंच दुखणं निघालं.’

ही नजर आपल्याला वारशाने मिळाली आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत सुईणपण मांग-महार बायांकडे असे. नाळ तिने कापायची, रक्ताने भरलेली लुगडी तिने धुवायची, आणि बाळ पाळण्यात गेले की तिची सावलीही नको. तिच्या हाताला जखम आहे का, हे विचारण्याची रीत नव्हती. तो हात मुळातच विटाळलेला ठरवला होता. आता सोवळे संपले, असे आपण अभिमानाने सांगतो. मग डायपर बदलणाऱ्या बाईचा कप वेगळा का? तिने हातमोजे मागितले तर ‘आजोबांची एवढी किळस कसली?’ असे आपण का विचारतो? जुन्या काळी तिला अपवित्र म्हणून दूर ठेवले, आज तिचे काम पवित्र म्हणून तिला उघड्या हातांनी राबवतो. या कौतुकाला मोल पडत नाही, म्हणूनच ते आपण सढळ हाताने करतो.

सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच गेल्या. त्यांची तसबीर आपण भिंतीवर लावली आणि त्यातून सोयीचा तेवढा अर्थ उचलला, की सेवा करणाऱ्याने जिवाची पर्वा करू नये. तो त्याग त्यांचा स्वतःचा होता. आपण तो रोजंदारीवर मागतो, तेही ज्या बाईला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही तिच्याकडे.

संस्थांमध्ये तरी काय निराळे आहे? अरुणा शानभाग या परिचारिकेवर 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या तळघरात हल्ला झाला. ती तिथे कपडे बदलायला गेली होती. त्यानंतर 2015 सालच्या मृत्यूपर्यंत ती त्याच रुग्णालयात निश्चेष्ट पडून होती आणि तिथल्या परिचारिका तिला सांभाळत होत्या. तिच्या दयामरणावर आपण तावातावाने वाद घातले. परिचारिकेने कपडे कुठे बदलावेत, रात्रपाळीत पाठ कुठे टेकावी, यावर मात्र तसा वाद कधी पेटला नाही. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यात छत्तीस तासांच्या पाळीत विसाव्याला गेलेल्या तरुण डॉक्टरचा रुग्णालयाच्याच सभागृहात खून झाला, तेव्हा आपल्याला जाग आली. ती किती दिवस टिकली?

तरीही संस्थांना निदान कागदावर नियम आहेत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार सुया न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायच्या असतात, आणि तो कचरा हाताळणाऱ्यांना संस्थेने हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस द्यायची असते. आपल्या घरात मात्र इन्सुलिनची सुई ओल्या कचऱ्याच्या पिशवीत जाते. तिथे पाहायला निरीक्षक येणार नाही. मालक आपणच आहोत. तेव्हा जाड प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा ठेवा, हातमोज्यांचा खोका आणा, वडिलांना उचलताना दुसऱ्या बाजूला उभे राहा. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. तिच्यासाठी त्यांचा खर्च तुम्ही करा. वापरलेली सुई बोटात गेली तर एचआयव्हीवरचे प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते. सुई टोचल्याचे कळले तर काम जाईल या भीतीने तिने ते लपवू नये, एवढा शब्द तिला आजच द्या.